चौतिसाव्या स्तोत्रातली एक ओळ

१९५४ च्या हिवाळ्यात वर्ध्याच्या दवाखान्यात माझ्या वडिलांचा उजवा पाय मांडीतून कापण्यात आला. त्याआधी काही आठवडे तिथल्याच डॉक्टरांनी फक्त पाऊल काढावे लागेल, असे सांगितले होते. मधला काळ वडील समुद्रपूरला घरीच होते आणि पायाला हात लावू द्यायला तयार नव्हते. त्याला कारण पवित्र शास्त्रातली, म्हणजे बायबलातली, एक ओळ होती.

वडील प्राथमिक शाळेत शिक्षक होते. गावात ख्रिस्ती घरे मोजकीच. पाळकसाहेब हिंगणघाटला राहत आणि महिन्यातून एखाद्या रविवारी सायकलने येत. इतर रविवारी उपासना आणि शास्त्राचा वर्ग वडील घेत. वर्गात त्यांचा एक नियम होता. कोणी एखादे वचन म्हणून दाखवले की ते विचारत, "याच्या वर काय लिवलं हाय? खाली काय हाय? कोण बोलून राह्यला, कोणासंगं?" उत्तर आले नाही तर सगळा अध्याय मोठ्याने वाचायला लावत. "वचन कापसासारखं वेचू नका," असे म्हणत. "बोंड झोळीत पडलं, पन झाड कोणाचं ते पत्ता नाई."

ज्वारी निघाल्यानंतर एका विद्यार्थ्याच्या घरी शेतातून जाताना त्यांच्या पायात धसकट घुसले. त्यांना साखरेचा आजार होता. जखम भरली नाही, अंगठा काळा पडला. आई त्यांना मोटारीने वर्ध्याला घेऊन गेली. डॉक्टरांनी पाऊल काढायचे सांगितले. वडिलांनी विचार करायला वेळ मागितला आणि ते घरी परतले.

हे काही मी पाहिलेले नाही. मी नागपूरला एका वर्तमानपत्रात नोकरीला होतो. आईने सांगितले ते असे. वडिलांनी प्रार्थना केली, डोळे मिटून शास्त्र उघडले आणि पानावर बोट ठेवले. लग्न ठरवताना, बदली आली की, बैल घेताना, आमच्यातले बरेच लोक असे करत. वडील वर्गात त्याची थट्टा करत. त्या दिवशी त्यांचे बोट चौतिसाव्या स्तोत्रावर पडले. देव नीतिमान माणसाची सगळी हाडे सांभाळतो, त्यातले एकही मोडत नाही, अशा अर्थाची ती ओळ होती. वडिलांनी ती पुन्हा वाचली, पुस्तक मिटले आणि आईला म्हणाले, "जवाब भेटला. आता वर्ध्याले जायाचं नाई."

आईचा निरोप आल्यावर मी रजा काढून घरी आलो. तोपर्यंत काळा रंग घोट्याच्या वर चढला होता. खोलीत वास होता. वडील भिंतीला टेकून बसले होते आणि त्यांचा आवाज नेहमीसारखा होता. त्यांनी माझ्या नोकरीची चौकशी केली.

संध्याकाळी मामा आला. तो कापसाच्या जिनात कामाला होता आणि उपासनेला क्वचितच येई. दारातूनच वडिलांना म्हणाला, "काऊन भाटवे, शास्त्र उघडलं का पोपटवाल्याची चिठ्ठी काढली?"

"तुले नाई समजत त्यातलं," वडील म्हणाले.

"नाईच समजत. मी तं नाताळाचा ख्रिस्ती. पन पाय काळा पडून राह्यला, थे मलेबी दिसते."

"दादा, चूप राह्य," आई म्हणाली. मामा चहा न घेता गेला.

पुढच्या रविवारी पाळकसाहेब आले. ते अहमदनगरकडचे होते. त्यांनी पाय पाहिला. वडिलांचे शास्त्र त्यांनी घेतले आणि त्यांच्याच हातात दिले.

"मास्तर, आज वर्ग इथंच घेऊ. तुमच्या ओळीच्या वर काय आहे?"

वडिलांनी पान पाहिले नाही. "नीतिमानावर संकटं फार येतात, असं आहे."

"येत नाहीत, असं नाही?"

"नाही."

"हीच ओळ पुढं योहानाच्या शुभवर्तमानात आठवली जाते. कुठं?"

आई दाराशी उभी होती.

"क्रुसापाशी."

"कोणाबद्दल?"

"प्रभूबद्दल. लवकर मरावेत म्हणून शिपाई बाजूच्या दोघांचे पाय मोडतात. त्याचे मोडत नाहीत."

"का मोडत नाहीत?"

"तो आधीच मेलेला असतो म्हणून."

पाळकसाहेब म्हणाले, "हाडं शाबूत राहिली, पण मरण चुकलं नाही. देव सांभाळतो, हे त्या ओळीत आहे. तुमच्या पायाबद्दल तिच्यात काही लिहिलेलं नाही, मास्तर. पायाबद्दल डॉक्टर बोलले आहेत."

"म्हणजे मी देवाचं म्हणून माझंच ऐकलं?"

"भीती वाटली की माणूस असं वाचतो. मीही वाचलं आहे."

वडिलांनी पुस्तक मिटून बाजूला ठेवले. मग आईला म्हणाले, "सकाळच्या मोटारीले मले बसवून देजो."

"आजच जाऊ," आई म्हणाली. "दादाले बंडी जुपाले सांगतो."

मामा निरोप मिळताच बैलबंडी घेऊन आला. त्याने खाली कडबा अंथरला, वर गोधडी टाकली. वडिलांना उचलताना तो म्हणाला, "भाटवे, वजन तं कमी झालं तुमचं." वडील हसले. हिंगणघाटपर्यंत बंडीने आणि तिथून रेल्वेने आम्ही वर्ध्याला पोचलो.

डॉक्टरांनी पाय पाहिला आणि पाऊल काढून आता भागणार नाही, असे सांगितले. वडिलांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाय मांडीतून कापला. वडील शुद्धीवर आले, आईशी बोलले, पाणी मागितले. पाळकसाहेब भेटायला आले तेव्हा वडिलांनी त्यांना रविवारचा वर्ग बंद ठेवू नका, असे सांगितले. ताप मात्र उतरला नाही. त्याच आठवड्यात ते वारले.

आईने डॉक्टरांना विचारले, पहिल्या वेळीच पाऊल कापू दिले असते तर ते जगले असते का. डॉक्टर म्हणाले, ते खात्रीने सांगता येणार नाही.

वडिलांना वर्ध्याच्या ख्रिस्ती कबरस्तानात पुरले.