यंत्रहवालदाराचा बंदोबस्त

ऐंशीच्या दशकात चारकोपच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी इलेक्ट्रॉनिक्सची डिप्लोमावाली म्हणून कामाला होते. आम्ही व्होल्टेज स्टॅबिलायझर बनवायचो. पण मालकांनी कुठल्याशा परदेशी मासिकात यंत्रमानवाचा फोटो पाहिला आणि त्यांना देशसेवेची उबळ आली. गर्दी आवरणारा हवालदार बनवायचा ठरला.

पत्र्याचं धड, खाली चाकं, पोटात ट्रकची बॅटरी आणि टेपरेकॉर्डर. टेपवर मालकांचाच आवाज होता, "रांगेत उभे राहा, पुढे चला." आपला आवाज रेडिओच्या तोडीचा आहे, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. एक हात वर, एक पुढे. कुणाला धक्का लागू नये म्हणून हातभर अंतरावर काही आलं की यंत्र थांबेल, अशी सोय मालकांनी माझ्याकडून करून घेतली. मी म्हटलं, "साहेब, गर्दीत हातभर अंतरावर कुणीतरी असणारच ना."

"तू निगेटिव्ह फार बोलतेस," ते म्हणाले.

बोरिवलीच्या शिवरात्रीच्या जत्रेत चाचणी ठरली. इन्स्पेक्टरसाहेबांनी परवानगी दिली, बहुधा मालकांपासून सुटका व्हावी म्हणून. यंत्र टेम्पोतून उतरवलं, बटण दाबलं. ते वीतभर पुढे सरकलं आणि थांबलं. भोवती माणसंच माणसं. दर्शनाची सरळ रांग मोडून लोक आमच्याकडे आले. कुणी बेलाचं पान वाहिलं, कुणी नारळ ठेवला.

एका मालवणी आजीने मला विचारलं, "बाये, ह्यो खयचो देव?"

"देव नाही आजी, पोलीस आहे."

"तरीच," ती शांतपणे म्हणाली. "मी म्हणतंय, हात कित्याक पुढे केल्यान."

शेजारचा हवालदार दुसरीकडे बघू लागला. मला हसू दाबताना ठसका लागला. तोवर बॅटरी उतरली आणि मालकांचा आवाज रेड्यासारखा घोगरा झाला. लहान मुलं रडायला लागली. शेवटी चार शिपायांनी दोर धरून यंत्राभोवती कडं केलं.

"तुमच्या हवालदाराला आता आम्ही बंदोबस्त पुरवायचा का?" इन्स्पेक्टरसाहेबांनी विचारलं. मालक म्हणाले, "गर्दी जमते, हे तर सिद्ध झालं."

परतताना टेम्पोत ते यंत्रावरची बेलाची पानं एकेक करून वेचत बसले, तेव्हा मात्र मला त्यांची दया आली. पण दया फार टिकली नाही. महिन्याभरात त्यांनी ते यंत्र घाटकोपरच्या एका साडीवाल्याला विकलं. दोन्ही हात कापून नमस्कारात जोडायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. दुकानाच्या दारात ते "या, बसा" म्हणायचं. तिथे मात्र ते झकास चाललं, कारण हलायचंच नव्हतं.