तिसरं ‘व्हय म्हाराजा’

माझा भाऊ बॉक्सिंगमध्ये हरला, त्याला समोरच्या मुलाइतकीच आमची चाळही जबाबदार होती. हे आता लिहायला हरकत नाही. चाळीतली निम्मी माणसं देवाघरी गेली आणि उरलेली चष्मा सापडत नाही म्हणून काही वाचत नाहीत.

घाटकोपरला भटवाडीच्या चढावर आमची चाळ होती. सगळी कोकणातली माणसं. बहुतेक पुरुष संपात गिरणीतून बाहेर पडलेले, आणि मग मिळेल ते काम धरलेले. गावची शेती सुटली, घराचं छप्पर गळायला लागलं, पण गाऱ्हाणं मात्र कोणी सोडलं नव्हतं. गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे नारळ ठेवायचा, जाणत्या माणसाने खड्या आवाजात आपली अडचण देवाला सांगायची, आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला जमलेल्या सगळ्यांनी ‘व्हय म्हाराजा!’ म्हणून दुजोरा द्यायचा. गावी ते सणावाराला घालतात. आमच्या चाळीत ते कशालाही घालत. लग्न ठरलं, गाऱ्हाणं. नळ आला, गाऱ्हाणं. एकदा तर एका घरच्या टीव्हीत प्रत्येक माणूस दोनदा दिसायला लागला, म्हणून त्या टीव्हीसाठी गाऱ्हाणं घातलं. दुसऱ्या दिवशी टीव्ही सुधारला, आणि त्यानंतर लोकांना आवरणं कठीण झालं.

त्यामुळे चाळीतलं प्रत्येक पोर बोलायला लागायच्या आधीच ‘व्हय म्हाराजा’ म्हणायला शिकायचं. कोणी भरदार आवाजात, शेवटचा शब्द लांबवून काही विचारलं आणि थांबलं, की आमच्या तोंडून ते निघायचंच. त्यात डोक्याचा काही संबंध नसे.

भाऊ माझ्याहून लहान. बारावीत दोनदा नापास झाला आणि चढाच्या पायथ्याशी असलेल्या व्यायामशाळेत बॉक्सिंग शिकायला लागला. आईने सुरुवातीला रडून घेतलं. पण व्यायाम म्हणून तो रोज पहाटे खालच्या नळावरून भरलेले हंडे घेऊन पायऱ्या चढायला लागला, तेव्हा तिचं मत बदललं. हळूहळू शेजारणींनीही आपापले हंडे त्याच्या व्यायामाला दिले. चाळीतल्या तमाम बायका बॉक्सिंगच्या बाजूने झाल्या त्या अशा.

पुरुष मात्र विरुद्ध होते आणि त्यांचे पुढारी आमचे बाबा. गिरणी सुटल्यापासून ते पूर्वेकडच्या एका सोसायटीत वॉचमन होते. त्यांनी गाववाल्याच्या ओळखीने विक्रोळीच्या एका कंपनीत भावासाठी हेल्परची जागा बघून ठेवली होती. त्या कंपनीत कॅन्टीन होतं. बाबा त्या नोकरीचं वर्णन कॅन्टीनपासून सुरू करत आणि कॅन्टीनपाशीच संपवत.

भावाची पहिली मोठी लढत वाकोल्याला होती. मैदानात मांडव घातला होता आणि मध्ये रिंग. आम्ही अख्खी चाळ टेम्पो करून गेलो, सोबत डबाभर लाडू. चाळीत गाऱ्हाणं घालणारे काका पुढच्या बाकड्यावर बसले. रेफरी म्हणजे चांगले आडदांड गृहस्थ होते, भरघोस मिशा, आणि आवाज विहिरीतून यावा तसा. त्यांनी दोघा मुलांना नियम सांगितले तेव्हाच काका मान डोलवत म्हणाले, “गळो बरो आसा हां मेल्याचो.”

समोरचा मुलगा इतका किडकिडीत होता की आईला त्याचीच दया आली. “ह्याका घरात कोण जेवूक घालत नाय काय?” असं ती हळहळत असतानाच त्या मुलाने भावाच्या जबड्यावर असा एक ठोसा दिला, की भाऊ खाली बसला. पडला नाही, नीट मांडी घालून बसला. रेफरींनी आकडे मोजायला सुरुवात केली. तो उठला, पण नजर मांडवात नव्हती. त्याने नंतर सांगितलं, की त्याला गावच्या देवळातली घंटा ऐकू येत होती.

रेफरी त्याच्यापुढे वाकले आणि आपल्या त्या आवाजात म्हणाले, “बरा आहेस नाऽऽ?”

“व्हय म्हाराजा,” भाऊ म्हणाला.

मांडव हसला. रेफरी हसले नाहीत. “मी दिसतोय नाऽऽ?”

“व्हय म्हाराजा.”

“मग थांबवूया नाऽऽ?”

आता उत्तर द्यायचं होतं भावाने. पण दोन वेळा सगळं अगदी रीतसर झालं होतं. आवाज तसाच, हेल तसाच, आणि पुढे बसलेल्या काकांचे हात आपोआप जोडले गेले. आमच्या अख्ख्या चाळीने मांडव दणाणून सोडला, “व्हय म्हाराजा!”

रेफरींनी दोन्ही हात हवेत फिरवले आणि लढत थांबवली. समोरच्या मुलालासुद्धा काय झालं ते कळलं नाही. तो बराच वेळ आमच्याकडे बघत होता.

परतताना टेम्पोत कोणी कोणाशी बोललं नाही. लाडू तेवढे संपले.

खरी पंचाईत दुसऱ्या दिवशी झाली. व्यायामशाळेतले सर कडक होते. ते भावाला म्हणाले, “मार खाऊन पडलेल्या पोराला मी परत उभा करतो. पण आपल्या तोंडाने ‘थांबवा’ म्हणणारा मला नको. तिसऱ्या वेळी तू हो म्हणालास का?”

“आठवत नाही, सर.”

“मग आठवलं की ये.”

ते काही आठवेना. पहिली दोन उत्तरं भावाला पक्की आठवत होती, तिसऱ्या वेळी डोक्यात नुसती घंटा. चाळीत विचारावं तर प्रत्येकाला फक्त स्वतःचाच आवाज ऐकू आलेला. काकांनी तर छाती काढून सांगितलं, “माझ्या आवाजापुढे तुझो काय आयकाक येतलो?” रेफरींचा पत्ता कोणाला ठाऊक नव्हता. भाऊ गॅलरीत कठड्याला टेकून दिवसभर बसायला लागला. पहाटेचं धावणं बंद, हंडे बंद. जिन्यातून कण्हत वर येणाऱ्या बायका त्याच्याकडे असं बघत, की जणू त्यानेच महापालिकेचं पाणी तोडलंय.

“ताई, मी हो म्हटलं का गं?” त्याने मला विचारलं.

“मी ओरडत होते रे. मला काय माहीत?”

“म्हटलं असेल ना, तर कॅन्टीनच बरं यार. स्वतःहून हो म्हणणाऱ्याने परत ग्लोव्हज घालू नयेत.”

तो थट्टा करत नव्हता. एरवी जबडा सुजला तरी आरशात बघून हसणारा मुलगा हा. मला फार वाईट वाटलं, म्हणून मी त्याला चहा करून दिला. तोही त्याने गार होऊ दिला.

बाबा खूश होते. सोमवारी भावाने कंपनीत हजर व्हायचं ठरलं. त्याची पॅन्ट बाबांनी स्वतः गादीखाली घालून कडक केली. आणि नवी नोकरी म्हटल्यावर रविवारी सकाळी आमच्या खोलीत, देवापुढे, गाऱ्हाणं आलंच.

बायकांनी काकांना आदल्या दिवशीच गाठून दम भरला होता, की बॉक्सिंगही त्यात यायला हवं. काका गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम होते. मालक आणि कामगार दोघांनाही एकाच वाक्यात खूश ठेवण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता. नारळ हातात घेऊन त्यांनी घसा खाकरला.

“बा देवा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“ह्या तुझा लेकरू आज तुझ्या पायाकडे इला हा. त्याच्या नशिबात कंपनी आसात तर त्याका कंपनीत चिकटव...”

“व्हय म्हाराजा!” बाबांच्या बाजूचे.

“आणि मारामारी आसात तर त्याका नुसतो मार देवूक शिकव, घेवूक नको...”

“व्हय म्हाराजा!” आईच्या बाजूच्या.

“आणि काय्येक झाला तरी सकाळच्या पाण्याची सोय कर रे म्हाराजा!”

यावर बायकांनी जो आवाज लावला, तो थेट स्टेशनपर्यंत गेला असेल.

आता ज्याच्यासाठी गाऱ्हाणं, त्याने ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं आणि मग नारळ फोडायचा, अशी रीत. भाऊ ओठ मिटून उभा. ठोशाने कानावर परिणाम झाला असावा असं वाटून काकांनी शेवटचं वाक्य पुन्हा, त्याच्या कानाजवळ जाऊन म्हटलं.

“काका,” शेवटी तो म्हणाला, “मला आधी देवाला एक विचारायचंय. त्या दिवशी तिसऱ्यांदा मी काय बोललो?”

आजवर गाऱ्हाण्यात कोणी देवाला उलटा प्रश्न विचारला नव्हता. काकांनी देवाकडे बघितलं, मग नारळाकडे. “देव असल्यो चवकशो करीत नाय, झिला,” ते हळूच म्हणाले.

“मग मी कुठे जाऊ सांगा ना!” भाऊ एकदम ओरडला आणि त्याचा आवाज फाटला.

तेवढ्यात दाराशी उभे असलेले बाबा म्हणाले, “मी आयकलंय.”

सगळे वळले.

“माझ्या तोंडात तंबाखू होती. माका ओरडूक जमला नाय. म्हणान माका आयकाक इला.” बाबा भावाकडे बघत नव्हते, त्याने घातलेल्या त्या गादीखालच्या कडक पॅन्टकडे बघत होते. “तू ‘नाय’ म्हणालंस. ‘नाय, थांबव नको’ म्हणालंस. ह्यांच्या बोंबलण्यात तुझा कोणाक आयकाक गेला नाय.”

“आणि इतके दिस तोंडात काय दगड होतो?” आई कडाडली.

“कंपनी होती,” बाबा म्हणाले.

भाऊ खाली बसला आणि ओक्साबोक्शी रडायला लागला. जबडा दुखतोय असं समजून एक शेजारीण हळद आणायला धावली. हळद येईपर्यंत तो उठला आणि बाबांना घेऊनच, त्याच कडक पॅन्टमध्ये, पायऱ्या उतरून व्यायामशाळेकडे पळाला. काका हातात नारळ धरून तसेच उभे. गाऱ्हाणं पुरं झालं की अर्धं राहिलं, यावर चाळीत दोन पक्ष पडले. तोवर आईने नारळ घेऊन वाटण करून टाकलं.

सरांनी बाबांचं म्हणणं ऐकून घेतलं आणि भावाला परत दोरीवरच्या उड्यांपासून सुरुवात करायला लावली. सोमवारी बाबा स्वतः विक्रोळीला गेले, मुलगा येत नाही म्हणून सांगून आले, आणि येता येता कॅन्टीनमध्ये जेवूनही आले. “डाळ पातळ आसा,” एवढंच म्हणाले. त्यानंतर त्या नोकरीचं नाव त्यांनी काढलं नाही. भाऊ पुढची लढतही हरला, पण पॉइंटांवर, आणि शेवटपर्यंत उभा राहून. त्याचं पुढे काय होणार हे तेव्हा त्याला ठाऊक नव्हतं, पण पहाटे हंडे घेऊन तो पायऱ्या चढताना गाणी म्हणायला लागला.

त्या दिवशी बाबांनी त्याचं ‘नाय’ ऐकलं होतं, हे तो आजही शपथेवर सांगतो. मी त्याला कधी काही बोलले नाही आणि बोलणारही नाही. वाकोल्याच्या मांडवात बाबा माझ्या शेजारी बसले होते. तोंडात तंबाखू होती, हे खरं. पण तिसऱ्या वेळी ते असे काही गरजले, की ती सगळी माझ्या नव्याकोऱ्या पांढऱ्या ओढणीवर येऊन पडली. आईने ती ओढणी कितीदा घासली, पण तो डाग काही गेला नाही.