खुंटीवर राहिलेलं प्रस्थान

भूतखेत, भानामती, उतारे-अंगारे — यातलं मी काही मानत नव्हतो, आणि आज सत्तरी उलटल्यावरही मानत नाही. तेव्हा वाचकांनी आधीच समजून घ्यावं, मी कुणाला घाबरवायला हे लिहीत नाही. मी हिशेबाचा मास्तर. उत्तर जुळलं नाही तर पोरांना पाटी पुसून पुन्हा मांडायला लावायचो. हे एक उदाहरण मी जवळजवळ चाळीस वर्षं पुसतोय आणि मांडतोय... जुळत नाही. घरात आता ऐकून घेणारं कुणी उरलं नाही, म्हणून तुमच्या सदराला पाठवतोय.

निजामाच्या अमदानीतली गोष्ट. मी आष्टीच्या सरकारी शाळेत होतो. आमचं मूळ गाव नांदूरघाट. मी चार वर्षांचा असताना आई गेली आणि मला वाढवलं ते आक्कानं, माझ्या थोरल्या बहिणीनं. तिचं लग्न झालं आणि वर्षाच्या आत नवरा तापानं गेला. ती परत आली ती कायमचीच, आणि मग मीच तिचं लेकरू झालो. मला शाळेत घातलं तिनं, रट्टे दिले तिनं, आणि रट्टे दिल्यावर कोपऱ्यात बसून रडायचीही तीच.

मी लई विसरभोळा. मीठ आणायला पाठवलं तर गोट्या खेळून हात हलवत परत यायचो. मग आक्कानं एक युक्ती काढली. बाहेर पाठवताना माझ्या सदऱ्याच्या टोकाला गाठ मारायची. साधी नाही — टोक दोनदा दुमडायचं, मग गाठ, आणि उरलेली शेपटी आत खुपसायची. तशी गाठ मी दुसऱ्या कुणाच्या हातची बघितली नाही. गाठीला हात लागला की मला आठवायचं... मीठ!

मला नोकरी लागली, लग्न झालं आणि आक्का मुंबईला गेली. गिरगावात एका घरी स्वयंपाक आणि मुलं सांभाळायचं काम होतं. मी म्हटलं, "कशाला जातेस? माझ्याकडं राहा." म्हणाली, "बापू, तुझी चूल आता सुंदराची. एका चुलीला दोन फुंकण्या नकोत." सुंदरा म्हणजे माझी बायको. तिनंही फार आग्रह केला नाही, आणि खरं सांगायचं तर मीही नाही.

सहा वर्षं ती तिथं होती. आणि गंमत बघा, सहा वर्षांत तिनं समुद्र बघितला नव्हता! गिरगावातून चौपाटी अशी कितीशी लांब! तिला लिहिता येत नव्हतं, त्या घरच्या वहिनी तिची पत्रं लिहायच्या. एकदा तिनं लिहवून घेतलं होतं — ‘तू न बघताच पोरांना समुद्र शिकवतोस म्हणे. मग मी एकटीनं कशाला बघू? तू ये, दोघं मिळून बघू.’ आणि शेवटच्या वर्षी प्रत्येक पत्राच्या तळाला एकच मजकूर यायला लागला — ‘तुला एक गोष्ट सांगायची आहे. दुसऱ्याच्या हातानं लिहवण्यासारखी नाही. एकदा येऊन जा. बाकी भेटीअंती.’

मी उत्तर द्यायचो, सुट्टी मिळाली की येतो. सुट्टी मिळायची. कधी मेव्हण्याचं लग्न निघायचं, कधी लिंबागणेशाला नवस फेडायचा असायचा. मुंबई काय, कुठं पळून जात होती? असं मी म्हणायचो. लाज वाटते आता ते वाक्य लिहायला.

शेवटी एका कार्तिकात मी ठरवलंच. आमच्या मोगलाईत आठवड्याची सुट्टी जुम्म्याची, म्हणजे शुक्रवारची. पोस्टातून रेल्वेचं टाइमटेबल आणलं आणि पाटीवर मांडणी केली. गुरुवारी दुपारून शाळा सुटली की सर्विस मोटार, संध्याकाळी नगर, तिथून आगगाडी, शुक्रवारी सकाळी बोरीबंदर. दिवसभर आक्काबरोबर, रात्रीच्या गाडीनं परत. शनिवारची तेवढी एक रजा लागत होती, ती मंजूर झाली. एकट्यानंच जायचं होतं. आक्काला कार्ड टाकलं — ‘शुक्रवारी येतो. तयार राहा. समुद्र बघू, आणि तुझी ती गोष्टही सांग.’ पोरांसारखा आनंद झाला होता मला. वर्गात नकाशावर मुंबई दाखवताना छडी तिथंच घुटमळायची.

एकच अडचण निघाली. गुरुवारी अमावास्या होती.

"आवं, आवसंला घर सोडत्यात का कुटं?" सुंदरा अडून बसली. "कावून हट करता? बुधवारी पस्ताना ठिवा, मग बेस्तरवारी खुशाल जा."

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. निघायच्या दिवशी मुहूर्त नसेल, तर आदल्या चांगल्या दिवशी प्रस्थान ठेवायचं. मूठभर तांदूळ, सुपारी, हळकुंड, आणि आपल्या अंगावरचं एखादं वस्त्र एका फडक्यात बांधायचं आणि ज्या दिशेला जायचं त्या वाटेवरच्या कुणाच्या घरी ठेवून यायचं. म्हणजे माणूस निघाला, असं धरतात. मग प्रत्यक्ष जाताना ते गाठोडं उचलायचं आणि पुढं चालू पडायचं.

नगरच्या वाटेवर, गावाच्या मावळतीच्या टोकाला ठकूबाई धनगरणीचं घर होतं. बायकोशी वाद नको म्हणून बुधवारी संध्याकाळी मी माझं रोजचं उपरणं काढून गाठोड्यात बांधलं आणि तिच्याकडं नेलं. तिनं ते दोन्ही हातांनी घेतलं आणि आतल्या खुंटीला अडकवलं.

"मास्तर, आता अर्दे तुमी हितं हायेत, अर्दे घरी," ती म्हणाली. "निगताना इसरू नका. आन् जाणं न्हाई झालं, तर तुमीच येऊन घिऊन जा, घरात शिरताना पायावर पाणी घ्या. निगालेल्या मानसाला असं टांगून न्हाई ठिवत."

मी म्हटलं, "मग खुंटीवरच्या अर्ध्या मास्तरला भाकर वाढत जा हं."

"हसा, हसा. तुमाला काय, दोन बुकं शिकलाव," ती म्हणाली आणि स्वतःही हसली.

गुरुवारी सकाळी हेडमास्तरांनी बोलावलं. म्हातारे गृहस्थ, मनानं चांगले, दोन महिन्यांत पेन्शनीत निघणार होते. म्हणाले, "मास्टर साब, शनिवार को बडे साहब मुआइना करने आ रहे हैं. रुखसत आपकी मंजूर है, मैं रोकूंगा नहीं. लेकिन मेरी जगह किस को देना, ये वही तय करेंगे. आगे आपकी मर्जी."

मुआइना म्हणजे शाळेची तपासणी, रुखसत म्हणजे रजा. बघा, त्यांनी मला अडवलं नाही. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण पुढं कितीतरी वर्षं मी लोकांना ‘रजा रद्द झाली’ असं सांगत आलो. रजा रद्द झाली नव्हती. मला हेडमास्तर व्हायचं होतं. मी घरी आलो, सुंदराला म्हटलं पुढच्या जुम्म्याला जाऊ, आणि आक्काला दुसरं कार्ड टाकलं — ‘या खेपेला जमत नाही.’ ते वेळेत पोचणार नाही हे मला कळत होतं. दुपारची मोटार शाळेवरून गेली, तेव्हा मी तपासणीसाठी भिंतीवरचे तक्ते पुसत होतो.

शुक्रवारी सकाळी ठकूबाई शेळ्या घेऊन दारावरून चालली होती. थांबली. "मास्तर! तुमी हितंच? आवं, मग गठुडं न्या की."

"असू दे गं. आठ दिवसांनी जायचंच आहे. पुन्हा कोण बांधत बसणार?"

तिनं शेळ्या पुढं हाकल्या. तिला ते आवडलं नाही एवढं मला दिसलं. सुंदराही दिवसभर धुसफुसत होती, पण मी उठलो नाही. उठून चार पावलं जायचं होतं.

शनिवारी मी धुतलेला कोट घालून शाळेत बसलो. साहेब आलेच नाहीत. पाटोद्याहूनच परत गेले म्हणे.

बुधवारी मुंबईचं पत्र आलं. अक्षर वहिनींचं, पण मजकूर आक्काचा नव्हता. ‘कळविण्यास अत्यंत दुःख होते की आपल्या भगिनी रविवारी पहाटे देवाघरी गेल्या. छातीचे दुखणे वर्षभर होते, आपणास कळवू देत नव्हत्या. आपण शुक्रवारी येऊन त्यांना समुद्र दाखवून नेलात, हे फार बरे केलेत. दोन दिवस त्यांच्या तोंडी तेच होते...’

मी ते तीनदा वाचलं. मग सुंदराला मोठ्यानं वाचून दाखवलं. तिच्या हातातली परात तशीच राहिली.

"तुमी तर हितं व्हता," ती म्हणाली. "शुक्रवारी तुमी हितंच जेवलाव. म्या वाढलं."

"होय."

"मग त्यास्नी समुद्र कुनी दावला?"

मी पत्राची घडी घातली आणि मुंबईला निघालो. वाटेत ठकूबाईच्या घरी थांबलो. ती गाठोडं काढायला आत गेली, आणि येताना सारखी हाताकडं बघत होती. "मास्तर, येक सांगू का? शुक्रवारी सांजच्याला हात लागला तर ह्ये वलं व्हतं. मला वाटलं, पोरीनं पानी सांडलं. पर घरात तवा कुनीच नव्हतं." आता ते कोरडं होतं. फडक्याची गाठ मीच मारलेली, जशीच्या तशी. मी ते न सोडता काखोटीला मारलं. आक्का गेल्याचं तिला सांगितलं, तेव्हा तिनं कपाळाला हात लावला.

गिरगावातल्या त्या घरी मी जन्मात कधी गेलो नव्हतो. वहिनींना कधी बघितलं नव्हतं. दार उघडलं, आणि त्या मला बघताच म्हणाल्या, "या मास्तर. इतक्या लवकर पुन्हा यावं लागेल असं वाटलं नव्हतं हो."

मला बसवून त्या सांगत राहिल्या. शुक्रवारी आक्का पहाटेच न्हाऊन, धुवट लुगडं नेसून दारात बसली होती. मी सकाळी आलो म्हणे. आत या म्हटलं तर उंबऱ्याशीच उभा राहिलो. "पाणीसुद्धा घेतलं नाहीत हो तुम्ही, नुसती मान हलवलीत. मला वाटलं, संकोची स्वभाव असेल. तुमचं ते ‘जमत नाही’चं कार्ड सोमवारी आलं. आम्ही म्हटलं, टपालाचा घोटाळा. आधी नाही म्हणाले असतील, मग जमलं असेल."

"आक्का... आक्का काही बोलली?" मी विचारलं.

"दिवस मावळायला आल्या परत. तुम्ही कोपऱ्यापर्यंत सोडून गेलात म्हणाल्या. चेहरा बघायला हवा होता तुम्ही त्यांचा! म्हणाल्या, आमचा बापू आज एक शब्द बोलला नाही, पण हात काही सोडला नाही. मी विचारलं, ती गोष्ट सांगितलीत का? तर म्हणाल्या, सांगितली. सगळी सांगितली. विसरायचा मेला, म्हणून उपरण्याला गाठ मारून दिली." वहिनींनी डोळे पुसले. "काय होती गोष्ट, ते मला नाही हो सांगितलं. माझं आणि त्याचं आहे म्हणाल्या. तुम्हाला ठाऊकच आहे."

या ठिकाणी मी खरं बोलायला हवं होतं. मी तो नव्हे, एवढंच म्हणायचं होतं. पण त्या बाईच्या तोंडावरचं समाधान बघितलं आणि मी "हो" म्हणालो.

तिथून चौपाटीवर गेलो. भर दुपार होती. समुद्र मी पहिल्यांदा बघितला, आणि मला काहीसुद्धा वाटलं नाही. नकाशावर बरा दिसायचा. वाळूत बसून गाठोडं सोडलं. तांदूळ होते, सुपारी, हळकुंड. उपरणं उलगडलं. एका टोकाला गाठ होती. टोक दोनदा दुमडलेलं, मग गाठ, आणि शेपटी आत खुपसलेली.

मी तिथं ओक्साबोक्शी रडलो. बाजूला कुणी चणे खात बसलं होतं, ते उठून गेलं.

लोक विचारतील, दुसरा कुणी तोतया असेल? मग ते उपरणं बांधल्या गाठोड्यातून निघालं कसं? ठकूबाईनं कुणाला दिलं असेल? ती माझ्यादेखत खंडोबाची शपथ घेऊन नाही म्हणाली, आणि बुधवार ते बुधवार आमच्या गावातून मुंबईला गेलेला माणूस मला तरी माहीत नाही. सुंदरा मरेपर्यंत एकच म्हणायची, "तुमी निगाला व्हता. निगालेलं मानूस जातंच." मला ते पटत नाही. पटत नाही, आणि दुसरं काही सुचतही नाही.

पुढं मी हेडमास्तर झालो. सुट्ट्याही पुष्कळ मिळाल्या. ते उपरणं माझ्या पेटीत आहे, गाठ तशीच आहे. अधूनमधून काढतो आणि लहानपणी धरायचो तशी ती गाठ चिमटीत धरून बसतो. काहीतरी आठवायचं आहे, एवढं कळतं. मीठ आणायचं तर नक्कीच नाही... वर्षभर छातीत कळ सोसत तिनं माझ्यासाठी काय जपून ठेवलं होतं, ते तिनं सांगितलं, सगळं सांगितलं. ऐकायला मी नव्हतो.