कादंबरीतला भाऊ

पावसाळ्यात आमच्या धंद्याला काम नसतं. विहिरी भरलेल्या असतात, पिकाला पाणी द्यायचं नसतं, मग मोटारपंप चालत नाहीत आणि जळतही नाहीत. जळलेल्या मोटारींचं वायंडिंग करून देणं हा माझा व्यवसाय. सेलूत रस्त्यालगत दुकान आहे. हरभरा-गहू सुरू झाला की मान वर करायला फुरसत मिळत नाही. म्हणून माझी कादंबरी फक्त पावसाळ्यात पुढे सरकली आणि तिला चार पावसाळे लागले. कोणी विचारलंच तर मी टाइमपास म्हणायचो. लोकांना ते पटायचं. पत्ते कुटण्यापेक्षा बरं, असं त्यांचं मत होतं.

कादंबरीत दोन भाऊ आहेत. धाकटा माझ्यासारखा. मोठा माझ्या मोठ्या भावासारखा. सारखा कशाला, तोच. तीन-चार नावं देऊन पाहिली, पण त्या नावांचा माणूस जागचा हलेना. खरं नाव लिहिलं आणि तो भज्यांची पुडी घेऊन दारात उभा राहिला. माझा भाऊ जाम गावच्या चौकात ट्रकखाली गेला, कादंबरी लिहून झाली तेव्हा त्या गोष्टीला सहा वर्षं झाली होती. दिवाळीनंतर वहिनीला माहेराहून आणायला निघाला होता. कादंबरीत तो जामकडे जात नाही. तिथे त्याचं पोट सुटतं, एक दात पडतो, तो धाकट्यावर खेकसतो आणि पन्नाशी गाठतो. मला लेखक वगैरे व्हायचं नव्हतं. मला तो आणखी थोडा हवा होता. हे मी कोणाला सांगितलं नाही.

लिहून झाल्यावर वह्या टाइप करायला लग्नपत्रिकावाल्याकडे दिल्या. दुसऱ्या कोणाशी माझी ओळख नव्हती. या माणसाची एक शिस्त आहे. पत्रिका करायला बसला की तो आधी विचारतो, यातले गेलेले कोण? गेलेल्या आजोबांच्या नावाआधी ‘स्व.’ राहून गेला तर भावकी रुसते, आणि जित्या काकाला तो लागला तर भर मांडवात भांडण होतं. माझ्या भावाच्या लग्नाची पत्रिका त्यानेच केली होती. तेरवीचीही त्यानेच.

पंधरा दिवसांत देतो म्हणाला होता, महिना उलटला. एका शनिवारी मी तणतणत गेलो.

“तुमचं तं मंगळवारीच घरी पोचतं केलं, भाऊ. मोठ्या वहिनीच्या हाती देलं,” तो म्हणाला. मग आवाज खाली आणून म्हणाला, “एक चूक राहून गेलती तुमची. मोठ्या भाऊच्या नावाले ‘स्व.’ लावलाच नवता. म्या सगळीकडे लावून देला.”

त्याने स्क्रीनवर दाखवलं. पहिल्या पानापासून माझा भाऊ स्वर्गीय होऊन भजी खात होता, स्वर्गीय होऊन गाडीला किक मारत होता, स्वर्गीय होऊन धाकट्याला गधड्या म्हणत होता. मला हसू आलं आणि पाठोपाठ भीती वाटली. त्याच्यावर चिडून उपयोग नव्हता. त्याने भल्यासाठीच केलं होतं, आणि ती पानं चार दिवसांपासून वहिनीकडे होती.

वहिनी आमच्याच घरी, मागच्या खोलीत राहते. अंगणवाडीत कामाला आहे. मी गेलो तेव्हा ती अंबाडीची भाजी निवडत होती आणि पानांचा गठ्ठा बाजूला होता. मी उचलून चाळला. प्रत्येक ‘स्व.’वर तिने लाल पेनाने एक आडवी रेघ मारली होती. दोनशेच्या वर पानं, एकही सुटला नव्हता.

“टाइपवाल्याकडून चुकून लागलं ते,” मी म्हणालो.

“समजलं मले.” ती भाजी निवडत राहिली. “चांगलं लिवलं तुम्ही. त्यायचं बोलणं तसंच आहे.” मग म्हणाली, “मी नाई यात कुठंई.”

कादंबरीत मोठा भाऊ लग्न करत नाही. का करत नाही, हे पटवायला मी तीन पानं घातली होती. शेतीची जबाबदारी, स्वभाव, असंच काहीबाही.

“त्यायले जित्तं ठेवाले मले काढा लागलं का, भाऊजी?”

आवाज चढलेला नव्हता. मला लाज वाटली. लग्न नाही म्हणून सासुरवाडी नाही, सासुरवाडी नाही म्हणून जामचा रस्ता नाही. लिहिताना हे लक्षात आलं नव्हतं असं म्हणता येईल, पण ते खोटं आहे. तिला आणायला गेला नसता तर, हे घरातल्या प्रत्येकाच्या मनात एकदा तरी येऊन गेलं असणार. सहा वर्षांत तिच्या तोंडावर कोणी बोललं नाही. मी लिहून बोललो होतो.

पुढचा पावसाळाही त्या कादंबरीतच गेला. चौथ्या प्रकरणात वहिनी आली. भाऊ तिला पाहायला गेला तेव्हा त्याने ताटलीभर चिवडा संपवूनच तोंड उघडलं, हे मला ठाऊक नव्हतं. तिने सांगितलं, सांगताना हसली. ती आल्यावर पुस्तक कुठल्या रस्त्याला लागणार हे ठरलेलंच होतं. त्यामुळे शेवटची पानं लिहायला फार दिवस लागले.

वह्या घेऊन मी पुन्हा त्याच पत्रिकावाल्याकडे गेलो. या वेळी त्याने आधीच विचारून घेतलं.

“‘स्व.’ कोणत्या पानापासून लावू, भाऊ?”

मी शेवटची वही उघडली, पान काढलं आणि ओळीवर बोट ठेवलं.

“इथून,” मी म्हणालो. “त्याच्या आधी एकई नोको.”