पुढची टर्म

आमचे बाबा लागोपाठ तीन वेळा गावचे सरपंच झाले. कुणी काम घेऊन आलं की ते चहा पाजायचे, सगळं ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "ह्या टर्मीत नाय जमूचां. फुडच्या टर्मीत बघूया." माणूस खूश होऊन जायचा. पुढची टर्मही बाबांचीच, यात कुणाला शंका नव्हती. मला तर लहानपणी सरपंच हे आमचं आडनावच वाटायचं.

आई मासे विकायची. पहाटे लिलावाला बंदरावर जायची. तिथे बायकांसाठी संडास नव्हता, होड्यांच्या आडोशाला बसावं लागायचं. संडासही पुढच्या टर्मीतच होता.

मग तहसीलदार कचेरीत सोडत निघाली आणि आमचं सरपंचपद महिलांसाठी राखीव झालं. बाबांनी आईला उभं केलं, निवडून आणलं. "पाच वर्सां सही कर गो, मगे माजा मी बघतंय," म्हणाले. पहिल्या सभेला आई निघाली तसे तेही चपला घालू लागले.

"तुमी खंय?" आई म्हणाली. "चुलीर भात आसा, बघा."

मला हसू आवरेना. बाबांनी घातलेल्या चपला पुन्हा काढल्या.

सभेत संडासाचा विषय निघाला की सदस्य बाबांचंच वाक्य ऐकवायचे. आई घरी येऊन भांडी आपटायची. "माका फुडची टर्म खंय आसा?" आरक्षण फिरणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मासे विकून ती तशीच मालवणात पंचायत समितीत जायची. साहेब वासाने नाक मुरडायचे, पण ती हलायची नाही. शेवटी संडास झाला. त्या दिवशी आई आत गेली आणि उगीचच कडी लावून काढून बघत राहिली. मला तिचा फार अभिमान वाटला.

मुदत संपली, सोडतीत पद खुलं झालं. गावातले चौघे घरी आले. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून बसलेच होते.

"आता तुमीच उबे रवा," चौघे म्हणाले.

आई चहा घेऊन आली. कप ठेवता ठेवता बाबांना म्हणाली, "पंधरा वर्सां आमी बायका होडयेआड बसलंव. तुमका कदी दिसलां नाय. आता आनिक काय करूचां रवलां?"

आवाज अजिबात चढला नव्हता. बाबा बशीतला चहा फुंकत राहिले. प्यायले मात्र नाहीत.

"ह्या टर्मीत नको," ते चौघांना म्हणाले. "फुडच्या टर्मीत बघूया."

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि चहा संपवून उठले. बाबांच्या तोंडी या वाक्याचा अर्थ काय, ते एव्हाना सगळ्या गावाला कळत होतं.