बंपरमागची पॅकिंग

गाड्यांच्या विम्याचा सर्व्हेयर म्हणून माझा सगळा दिवस दुसऱ्यांचे फुटके बंपर बघण्यात जातो. आणि घरच्याच गाडीच्या बंपरमध्ये काय नाही, हे मला कळलं ते उमेळ्याच्या आमच्या वाडीत, बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या, काठावर. माझी लेक त्या पाण्यात पोहायला शिकत होती.

आमच्याकडे पोरांच्या पाठीला रिकामा डबा बांधतात आणि बावखलात सोडतात. त्या संध्याकाळी तिच्या पाठीला डबा नव्हता, काळ्या फोमचा लांबट ठोकळा होता. मी बघतच राहिलो. हा कुठून आणलात, असं बाबांना विचारलं, तर स्वारी खुशीत. आमच्या गाडीच्या पुढच्या बंपरचा कोपरा तडकला होता. गॅरेजवाल्याच्या हातात गाडी द्यायची नाही हा त्यांचा बाणा, म्हणून त्यांनी तो स्वतःच उतरवला, तारेने शिवला आणि परत बसवला. आतून ही पॅकिंग निघाली, नव्या फ्रिजबरोबर येते तशी. कंपनीवाले काढायला विसरले म्हणे!

डोकंच फिरलं माझं. अहो, बंपर म्हणजे नुसतं प्लॅस्टिकचं कव्हर. त्याच्यामागे हा फोम आणि फोमच्या मागे लोखंडी पट्टी. बारीकसारीक धक्का फोम पिऊन टाकतो. पुढ्यात माणूस आला, तर त्याच्या पायावर बसणारा मारही हलका करतो. तो काढला की प्लॅस्टिकमागे सरळ लोखंडच.

हे सुनावत होतो तेवढ्यात फाटकापाशी त्याच गाडीचा हॉर्न वाजला आणि आईचा आवाज आला, "येऊ दे, येऊ दे."

आमच्या गावात गाडी आत घ्यायची म्हणजे कोणीतरी बरोब्बर तिच्या पुढ्यात, उलटं चालत, हाताने बोलवायलाच हवं. आमच्या घरी हा मान आईचा. बंपरपासून वीतभर अंतरावर उभी राहते बाई! आणि तिचा उजवा गुडघा नुकताच बदललेला. या पायाला मार बसता कामा नये, असं डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा बजावलेलं. गाडी चालवत होती माझी बायको. लायसन्स नवं, क्लच सोडताना गाडी अजून उडी मारायची.

मी धावत सुटलो. ओरडलो असतो, पण बायको दचकून भलत्याच पेडलवर पाय देईल या भीतीने तोंड मिटून धावलो. आई मागे मागे सरकत ओट्यापर्यंत आली होती. आता तिला मागे जायला जागाच नव्हती. मी तिचा दंड धरून तिला बाजूला खेचलं आणि गाडीने उडी मारली. बंपर माझ्या नडगीवर बसला. डोळ्यांपुढे काजवे चमकले.

आई माझ्यावरच उखडली. मी काय आज पहिल्यांदा उभी राहिले का, म्हणाली. बायको स्टिअरिंग धरून रडायला लागली. मी ओट्यावर बसून नडगी चोळत होतो. हाच मार आईच्या त्या गुडघ्यावर बसला असता.

बाबा लेकीला पाण्यातून काढून, हाताला धरून आले. माझ्या नडगीकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "म्हणजे ती पॅकिंग समोर उभं राहणाऱ्यासाठी होती?"

"त्याच्यासाठीसुद्धा," मी म्हटलं.

गाडी अजून अर्धी फाटकाबाहेर होती, ओट्याच्या बाजूने वळवून आत घ्यायची राहिली होती. मागे एक टेम्पोवाला हॉर्न मारत होता. आई पदर खोचून पुन्हा पुढ्यात निघाली, तशी बाबांनी लेकीला माझ्याकडे सोपवलं आणि आईला बाजूला सारलं.

"तू सर. तुझा गुडघा नवा आहे, माझे दोन्ही जुनेच आहेत," म्हणाले आणि स्वतः बंपरसमोर जाऊन उभे राहिले.