दाब न्हाई, ताण हाय!

हातातला चहा आधी खाली ठेवा. अंगावर सांडला तर नाव माझं सांगाल! आयुष्यभर मी लोकांना येडं बनवलं, पण गेल्या उन्हाळ्यात मीच असा काही येडा झालो, की आठवलं तरी कान गरम होतात.

माझी लेक शीतल. इंजिनेर हाय, बीडला नोकरी करते. जावई मास्तर. दोघं चार दिवस राहायला आलते. जावई म्हणजे लई गरीब माणूस. बोलायचं कमी अन् बघायचं जमिनीकडं. असा माणूस हाती लागल्यावर मला राहवतंय होय? पहिल्या दिवशी चहात मीठ. दुसऱ्या दिवशी उशीखाली रबरी पाल. तो आपला "असू द्या मामा" म्हणायचा, बास.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी भिंतीआड दात घासत होतो. पलीकडं अंगणात शीतल ऑफिसातल्या मैत्रिणीशी फोनवर बोलत होती.

"दाब न्हाई गं, ताण म्हणतेय मी! माप दोन्हीचं एकच, म्हणून लोकांची गफलत होते. दाब बाहेरून पडतो. ताण आतल्या आत असतो. हा वरून ठणठणीत दिसतो, पण आत किती सोसतोय! आणखी भार पडला तर मोडणार बघ."

माझ्या हातातला ब्रश गळाला. 'हा' म्हणजे कोण? घरात सोसणारा माणूस एकच की!

पुढचं ऐकायला मी थांबलो का? छ्या! सातवी नापास असलो म्हणून काय, 'मोडणार' एवढं कळतं मला. माझ्या मस्करीपायी लेकीचा नवरा मोडायला आला? ठरवलं, आजपासून जावयाला फुलासारखं जपायचं.

आमच्या अंगणात सगळ्यात गार सावली पाण्याच्या टाकीखाली. चार लोखंडी खांब अन् वर हजार लिटरची टाकी. तिथं बाज टाकली. अजून गारवा यावा म्हणून बोअरची मोटार लावून टाकी काठोकाठ भरली. मग जावयाला हाताला धरून आणलं.

"बसा पाव्हणं. चहा घ्या."

त्यानं कप हुंगला. "आधी तुमी घ्या, मामा."

मी घोट घेतला. तरी गड्यानं कपाला तोंड लावलं न्हाई!

शिकलेला माणूस, म्हणून अर्धं इंग्रजीत विचारलं, "खरं सांगा. प्रेशर हाय का ताण?"

"न्हाई न्हाई, सकाळीच जाऊन आलो."

"आवो, तसलं न्हाई! मनातलं इचारतोय. मोकळे व्हा. रडू आलं तर रडा!"

जावयानं बाजेखाली वाकून बघितलं. उशी उलटी केली. कपाळाला घाम फुटला. मी टॉवेलानं वारा घालायला लागलो, तर आणखी घाम! मी जितका गोड, तितका तो पांढरा.

तेवढ्यात कर्रर्र आवाज झाला. म्हणलं, माणूस दात खातोय. आता फुटणार ह्याचा बांध!

घरातून शीतल ओरडत पळत आली. "दादा! उठा तिथून! खांबावर आधीच ताण हाय, टाकी भरली कुणी?"

खांबावर?

मी वर बघितलं. मागच्या खांबाचा जोड बोटभर फाकलेला! एका उडीत मी बाहेर. अन् जावई? जावई बाजेवर आडवा झाला अन् तीन दिवसांत पहिल्यांदा हसला.

"न्हाई उठत, मामा. आज न्हाई फसायचो मी."

"आवो, खरंच पडतीय टाकी!"

"मीठ बी खरंच साखर व्हती."

"अहो, उठा ना!" शीतल किंचाळली.

"तू बी सामील झालीस व्हय ह्यांना?"

कर्रर्र! खांब वाकला. आता तुमीच सांगा, जन्मभर थापा मारलेल्या माणसानं खरं बोलावं कसं? हात जोडले. लेकीची शपथ घेतली. गड्यानं डोळे मिटून घेतले! शेवटी बाजेचा पाय दोन्ही हातांनी धरला अन् होता नव्हता तेवढा जोर लावून ओढली. बाज जावयासकट फरफटत अंगणाच्या मधोमध आली, अन् मागं धाड्दिशी टाकी! तिघंही डोक्यापासून पायापर्यंत भिजलो.

जावई निथळत उठून बसला. टाकीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, अन् कोपरापासून हात जोडले.

"मानलं, मामा! एवढी मोठी मस्करी! खांब कधी कापून ठेवलता?"

तिकडं शीतलनं तुटलेला जोड उचलला. "दादा, हे वेल्डिंग कुणी केलंय? नखानं उकरलं तरी निघतंय!"

आता बघा. ते वेल्डिंग मी केलेलं, ह्या हातांनी. वर "माझ्या नातवंडांच्या नातवंडांपर्यंत हलत न्हाई" म्हणून गावभर मिरवलेलं.

मी जावयाच्या ओल्या पाठीवर थाप मारली.

"परवाच कापला, पाव्हणं. पण कुणाला सांगू नका."